साटोणेकाका आणि मागचा जिना

युरोपातल्या एका हॉटेलला साटोणेकाकांनी माझ्याकडून जो पहिला प्रश्न लिहून घेतला, तो भाड्याचा नव्हता की जेवणाचाही नव्हता. माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते म्हणाले, "विचारा त्याईले, तुमच्या हाटेलाले मांगून जिना हाये का? अन् त्याचं दार आतून उघडते का?"

मी तसं इंग्रजीत लिहिलं. काकांनी ते मला मराठीत परत सांगायला लावलं आणि मगच पाठवू दिलं.

लग्नानंतर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हिंगणघाटला आले आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. काका आमचे शेजारी. बाजारात त्यांचं भांड्याचं दुकान होतं. उंच, सडपातळ माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसं चपलाही नको म्हणतात, तिथे यांचे बूट, तेही नाडी घट्ट बांधलेले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चपलेनं पळता येत नाई, बाई."

आम्ही सामान उतरवलं त्याच दिवशी काकू चहाची किटली घेऊन आल्या. काका मागून आले आणि चहाला न थांबता सरळ घराच्या दुसऱ्या टोकाला गेले. मागच्या दाराला लागून आम्ही कपाट उभं केलं होतं.

"हे इथं काऊन ठेवलं?"

"दुसरीकडे जागा नाही, काका," माझा नवरा, प्रकाश, म्हणाला.

"मंग जागा करा."

प्रकाश हसला. काका हसले नाहीत. चहा निवला तरी ते तिथेच उभे. शेवटी दोघांनी मिळून कपाट सरकवलं, काकांनी मागचं दार उघडून बंद करून पाहिलं, कडीला तेल द्या म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागे आम्ही त्यांना पुष्कळ नावं ठेवली. पण त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना मी दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं, हे मला आठवतं. त्यांची भीती अशी दुसऱ्याला चिकटायची.

कोणाच्याही घरी ते दाराजवळच्या खुर्चीवर बसत. टॉकीजमध्ये कधी गेले नाहीत. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या दारापाशी जागा धरत आणि आधी त्याचा दांडा हलवून पाहत. तो तारेने बांधलेला दिसला की कंडक्टरशी भांडण ठरलेलं. दुकानात नवा माल आला की खोक्यांतला पेंढा संध्याकाळच्या आत बाहेर फेकला जाई. दिवाळीत त्यांच्या ओट्यावर फटाके नसत, वाळूने भरलेल्या बादल्या असत. गल्लीतली पोरं त्यांना 'बादलीवाले काका' म्हणत आणि लांबूनच टिकल्या उडवून पळत. टिकली फुटली की काका डोळे मिटून घेत. रागावत मात्र नसत.

गाव त्यांना हसत असे, पण मान देऊनच. त्याचं कारण मला काकूंनी सांगितलं. आम्ही त्यांच्या गच्चीवर कुरड्या घालत होतो.

काकांच्या वडिलांचं पूर्वी कापसाचं जिनिंग होतं, सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. काका तेव्हा नुकते कॉलेज सोडून तिथे बसू लागले होते. बाया ओच्यात कापूस लपवून नेतात असा वडिलांना संशय, म्हणून मागच्या दाराला कुलूप असायचं आणि किल्ली काकांकडे. एका दुपारी यंत्रातून ठिणगी उडाली. समोर कापसाची गंजी होती. पुढचं दार आगीने धरलं आणि बाया मागच्या दाराकडे धावल्या.

"त्याईनंच दार उघडलं," काकू म्हणाल्या. "नाई तं एकही बाई वाचली नसती. एक गिरजा तेवढी गेली बिचारी. दोन लेकरं होती तिले." मग पिठाचे हात पदराला पुसून म्हणाल्या, "गावानं ह्याईले शाल-नारळ द्याचं ठरवलं, तं हे घरातून निघालेच नाई. शाल घरी पोचती केली लोकाईनं. अजून पेटीत हाये. एक दिवस पांघरली नाई."

त्यानंतर काका जिनिंगमध्ये पाय ठेवायला तयार होईनात. भावांना सगळं देऊन त्यांनी भांड्याचं दुकान टाकलं. "जे जळत नाई ते विकून राह्यलो," एवढंच कारण ते सांगत.

त्यांना एकच मुलगी, नीलिमा. काकांच्या भीतीची सगळ्यात जास्त किंमत तिने मोजली. ती दहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी गेले होते. हॉल गच्च भरला होता. नीलिमाचा नाच सुरू झाला, हिरवी नऊवारी, कमरेला पट्टा, आणि मध्येच काका उठून उभे राहिले.

"थांबवा. पह्यले ते बाजूचं दार उघडा."

शिपाई किल्ली घेऊन कुठेतरी गेला होता. कोणीतरी म्हणालं, काका, बसा ना, लेकीचा नाच आहे. काका म्हणाले, "लेकीचा हाये म्हणूनच म्हणतो. दार उघडा, मंग नाचा." गाणं बंद झालं. पोरं खिदळायला लागली. शिपाई सापडेपर्यंत नीलिमा स्टेजवर दिव्यांच्या उजेडात उभी होती. डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं तरी तिने तोंड फिरवलं नाही, फक्त बापाकडे पाहत राहिली. दार उघडल्यावर गाणं पुन्हा लागलं. ती नाचली नाही. आत निघून गेली.

तिने शिकायला नागपूर निवडलं, मग पुणं, मग परदेश. दर वेळी आणखी लांब. दोन हजार सालानंतर ती प्रागला नोकरीला लागली. तिथे दोन मैत्रिणींबरोबर एका लहानशा जागेत राहत होती. दोन-तीन वर्षांनी तिने आईबाबांना पाच दिवसांसाठी बोलावलं. जागेत सोय नव्हती, म्हणून हॉटेल बघायचं ठरलं. आमच्या घरी संगणक होता आणि टेलिफोनच्या तारेवरचं हळू चालणारं इंटरनेट. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

रविवारी सकाळी काका येऊन बसत. पडद्यावर हॉटेलचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. आधी छत, मग दिवा, मग पलंग. काका श्वास धरून पाहत आणि शेवटी म्हणत, "जिना कुठी हाये?"

"काका, जिन्याचा फोटो कोणी टाकत नाही."

"मंग काऊन टाकत नाई? माणूस पलंगावरून उडून जाते का खाली?"

म्हणून मी हॉटेलांना पत्रं लिहू लागले. एकाने उत्तरात नाश्त्याची वेळ कळवली. दुसऱ्याने लिहिलं, पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी आमच्या खिडक्या उघडत नाहीत. ते वाचून दाखवलं तेव्हा काकांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरला होता.

तिसरं उत्तर एका छोट्या हॉटेलच्या मालकिणीचं आलं. बाई मोकळ्या स्वभावाची असावी. तिने स्वतः फोटो काढून पाठवले होते, इमारतीच्या पाठीला लावलेला लोखंडी जिना, पायरीवर वाळत टाकलेलं फडकं, खालच्या अंगणात बसलेलं कुत्रं. काका पुढे वाकले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला नव्हता. तो त्या दिवशी पाहिला.

"हेच," ते म्हणाले. "हेच करा."

पण नीलिमाने आधीच ठरवलं होतं. नदीकाठचं मोठं हॉटेल, सातव्या मजल्यावरची खोली, खिडकीतून पूल दिसणारी. तिच्या कमाईतून आईबाबांना पहिली भेट. त्या रविवारी तिचा फोन आमच्याच घरी आला. काकूंनाही ऐकता यावं म्हणून प्रकाशने फोनचा स्पीकर लावला. नंतर वाटलं, लावायला नको होता.

"बाबा, ते गावाबाहेर आहे. ट्रामच्या डेपोजवळ. तिथे बघण्यासारखं काही नाही."

"जिना हाये."

"इथे पण जिना आहे. आग लागत नाही हो इथे उठसूट."

"कोणालेच वाटत नाई लागन म्हणून."

मग ती अगदी हळू बोलली. "तुम्ही मला सगळं लहानपण दाराजवळ बसवलं, बाबा. लग्नात, बारशात, शाळेत. मला मधोमध बसायचं होतं. एकदा तरी माझ्या मर्जीनं राहा. नाहीतर येऊच नका."

फोन बंद झाला. काकू रडायला लागल्या. काका उठले, बुटाची नाडी सुटलेली नव्हती तरी सोडून पुन्हा बांधली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघत होते तर ते फाटकात उभे. "तिचंच हाटेल करा, बाई. नाई गेलो तं पोरगी जाईन हातची." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण सातव्या माळ्यावर मी काय करू?"



जायच्या आधीच्या महिन्यात एका दुपारी मी काकूंकडे ताक मागायला गेले. घर शांत होतं. काका जिन्यावरून खाली येत होते. डोळे घट्ट मिटलेले, डावा हात भिंतीवर, उजवा हात तोंडावर दाबलेला. पाऊल सरकवत पायरीचा काठ शोधायचे, मग उतरायचे. खाली पोचले की डोळे उघडून पुन्हा वर जायचे. मला पाहून थांबले. "धुरात दिसत नाई," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. मी ताक न घेताच परत आले. त्या दिवशी मला त्यांचं हसू आलं नाही.

प्रागमध्ये काय झालं ते मला आधी काकूंनी सांगितलं आणि पुढे नीलिमाने. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

पोचल्याबरोबर काकांनी मागचा जिना शोधला आणि काकूंना त्यावरून खालपर्यंत चालवलं. काकू गुडघे धरून कुरकुरल्या. नीलिमा ओठ आवळून त्यांच्यामागे उतरली. पण दुसरा दिवस चांगला गेला. पूल पाहिला, नदीतली बदकं पाहिली, चौकातलं मोठं घड्याळ पाहिलं. काकांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढू दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नीलिमा त्यांना न्यायला वर आली. काकू वेणी घालत होत्या. काका पलंगावर बसून बूट चढवत होते. एक चढवला आणि तेवढ्यात आगीचा भोंगा वाजला. कानात सुई घुसावी तसा, काकू म्हणाल्या, थांबायलाच तयार नाही.

"बाबा, चला," नीलिमा म्हणाली.

काका हलले नाहीत.

"बाबा!"

ते तिच्याकडे पाहत होते, पण डोळ्यांत ओळख नव्हती. दुसरा बूट हातात, पाय जमिनीवर रोवलेले. "मले वाटलं, ह्याईले झटकाच आला," काकू म्हणाल्या. "जन्मभर ज्याच्यासाठी जीव काढला, ते आलं, अन् माणूस लाकडासारखा बसून राह्यला."

नीलिमा खाली बसली. तिने त्यांच्या हातातला बूट घेतला, त्यांच्या पायात घातला, नाडी बांधली. दोन्ही हातांनी ओढून त्यांना उभं केलं. बाहेरच्या लांब वाटेत माणसं धावत होती. काकांनी पहिल्या दिवशी दाखवलेलं दार तिनेच ढकललं आणि मागच्या जिन्याने आईला पुढे घालून, बापाचा हात धरून, ती खाली उतरली. ते लहान मुलासारखे तिच्यामागे येत होते. "त्यांचा हात बर्फासारखा होता," नीलिमा म्हणाली. "मला आगीची भीती वाटली नाही. त्या हाताची वाटली."

खाली फूटपाथवर माणसं जमली होती, कोणी झग्यात, कोणी टॉवेलात, एक जण हातात कॉफीचा पेला घेऊन हसत होता. स्वयंपाकघरात काहीतरी करपलं होतं, एवढंच. थोड्या वेळात सगळ्यांना आत जायला सांगितलं. सगळे गेले. काका फूटपाथच्या कडेवर बसले.

"मी तवाही असाच थिजून उभा होतो," ते म्हणाले.

"केव्हा?" नीलिमाने विचारलं.

"जिनिंगात. किल्ली माह्या हातात होती. दारासमोर उभा होतो. आतून बाया दार ठोकून राह्यल्या होत्या. अन् माह्या हातातून काही होऊन नाई राह्यलं. कापूस तोलणाऱ्या दत्तूनं किल्ली हिसकली अन् त्यानं उघडलं. लोक आले तवा किल्ली पुन्हा माह्याच हातात होती. त्यानं काऊन देल्ली, मले अजून समजलं नाई. सगळे म्हणाले, साटोण्याच्या पोरानं वाचवलं. मी नाई म्हटलं नाई. दत्तू त्याच वर्षी गाव सोडून गेला. गिरजा वाचली असती. मी तेवढा वेळ उभा राह्यलो नसतो तं वाचली असती."

काकूंना हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी परक्या देशातल्या रस्त्यावर कळलं. त्यांनी काय केलं असेल? त्या काकांच्या बाजूला जाऊन बसल्या, एवढंच मला सांगितलं. "आगीले नाई भ्यायचे वं ते," त्या म्हणाल्या. "सोताले भ्यायचे."

उरलेले दोन दिवस नीलिमाने त्यांना स्वतःहून त्या लोखंडी जिन्याच्या हॉटेलात नेऊन ठेवलं आणि स्वतःही तिथेच राहिली. ती म्हणते, बाबा तिथे पहिल्यांदा माझ्याशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर काका आठवडाभर दुकानात गेले नाहीत. मग एका सकाळी माझ्याकडे आले. कापूस वेचणीचे दिवस होते. गिरजा गेल्यावर तिच्या दोन्ही लेकरांना मामाने वर्ध्याजवळच्या आंजीला नेलं होतं. मुलगी शांता तिथेच दिली होती, मुलगा महादेवही तिथेच शेती करत होता.

"आंजीले जातो म्हणतो. तुमचं माहेर वर्ध्याचं. संग येता का? एकटा गेलो तं बसस्टँडवरूनच परत येईन."

हिंगणघाटहून वर्धा आणि वर्ध्याहून आंजी, असे दोघं गेलो. सबंध रस्ताभर ते एकदाच बोलले. "तिनं दगड हाणला तरी तुम्ही मधात पडू नका."

शांताबाई अंगणात तूर पाखडत होती. पन्नाशीची, काळीसावळी, ताठ बाई. काकांनी नाव सांगितलं तसं तिने सूप खाली ठेवून पदर सावरला. "साटोणेबापू तुम्ही? या जी, आत या. तुमच्यापायी किती बाया वाचल्या म्हणे."

आतल्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरला होता. आमच्याकडे त्या दिवसांत घरोघरी असतो. काका उंबऱ्यावर थबकले. पांढऱ्या ढिगाकडे पाहत राहिले. मला वाटलं, झालं, आता वळतात. ते आत गेले आणि त्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. किल्ली, दार, दत्तू. मध्ये कुठेही थांबले नाहीत.

शांताबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. सांगून झालं. मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.

"माय ओरडत होती का?" तिने विचारलं.

"आवाज येऊन राह्यले होते. तिचा कोणता, ते मले सांगता येत नाई, बाई."

"आमाले सांगतलं होतं, धुरानं झोप लागली तिले."

तिने चौकट सोडली आणि ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"आता काऊन सांगून राह्यले? मरायच्या आधी हलकं व्हाले?"

"होय," काका म्हणाले. "तसंच आसन."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओलेच झाले नव्हते. बाहेर जाऊन तिने अंगणात खाट टाकली. "भाऊ वावरात गेला हाये. तो येते संध्याकाळच्या पह्यले. त्यालेही सांगा. रागीट हाये तो, मी आतापासून सांगून ठेवते. बसा."

"बसतो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही निघा, बाई. तुमची बस हाये. हे माह्यं हाये."

मी थांबते म्हटलं. त्यांनी नकाराची मान हलवली.

महादेव काय बोलला ते काकांनी कधी कोणाला सांगितलं नाही, काकूंनाही नाही. त्या रात्री ते घरी आले, जेवले आणि झोपले, एवढंच काकूंना माहीत. पुढे तीनेक वर्षांनी काका झोपेतच गेले. नीलिमा आली होती.

मला ते दिसतात ते आंजीच्या त्या अंगणात. बस सुटायला वेळ होता आणि माझ्या खिडकीतून शांताबाईचं घर दिसत होतं. ती पुन्हा तूर पाखडायला बसली होती. काका खाटेच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. वावराकडून येणाऱ्या वाटेवर कोणी दिसलं की ते उठून उभे राहत. बैलगाडी आली, ते उठले. गाडी पुढे गेली, ते बसले. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या दोन बाया आल्या, तेव्हाही उठले. मग बस हलली. वाटेच्या वळणावर एक माणूस सायकल हातात धरून येताना दिसला, खांद्यावर दुपट्टा, चाल सावकाश. शांताबाईने मान वर केली आणि काकांना काहीतरी म्हटलं. काका उठले आणि या वेळी अंगणात थांबले नाहीत. फाटकातून बाहेर पडून त्या माणसाकडे चालू लागले.